दात सोडून मातीत गेलेला माणूस

नोकरीच्या मुलाखतीत मला विचारलेला पहिला प्रश्न होता, "तोंड उघड बरं."

पाच वर्षांच्या चित्रकलेची जाडजूड फाइल मांडीवर घेऊन मी बसले होते. समोरच्या माणसाने तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. खिशातून बोटभर टॉर्च काढली, माझ्या जबड्यात उजेड मारला, आतली सविस्तर पाहणी केली आणि म्हणाला, "खालची उजवी दाढ सडून राहिली. सहा महिने तरी झाले असन. दुखत नाही का?"

"दुखते कधीकधी."

"तरी डाक्टरकडे गेली नाहीस. म्हणजे एक तर आळशी हायेस, नाहीतर सोशिक. आपल्याले दोन्ही चालते. उद्यापासून ये."

अशा रीतीने मी नागपुरात, बेशातल्या एका तळमजल्यावर, मातीच्या बाहुल्यांचे सिनेमे काढणाऱ्या कंपनीची पहिली पगारी नोकर झाले. कंपनीचं वय तेव्हा दोन महिने होतं. मालकाचं सेहेचाळीस. मालकाला सगळे भाऊ म्हणत, म्हणून मीही म्हणू लागले.

भाऊ बावीस वर्षं कवळ्या करत होते. बर्डीच्या बाजारात त्यांची लॅब होती. डॉक्टर मापं पाठवत आणि भाऊ दात करून देत. एक दिवस त्यांनी ती लॅब हाताखालच्या कारागिराला विकून टाकली आणि माती आणली. का, असं विचारलं तर ज्याला त्याला वेगळं उत्तर मिळे. पाहुण्यांना सांगत, "बावीस वर्षं लोकायच्या तोंडात दात घातले, आता शब्द घालतो." सासऱ्यांना सांगितलं, डॉक्टरने वासाची अॅलर्जी सांगितली आहे. मला एकदा म्हणाले, "खाज होती वं. मलम नाही भेटलं."

खरं कारण वहिनींनी सांगितलं. वहिनी म्हणजे भाऊंची बायको, एका दवाखान्यात नर्स. त्यांचा पगार नसता तर ही कंपनी पहिल्याच महिन्यात मातीला मिळाली असती. त्या म्हणाल्या, खेड्यातली एक म्हातारी लॅबमध्ये आली होती. मुलाने हौसेने कवळी करून दिली होती. तिने ती घातली, आरशात पाहिलं, काढून काउंटरवर ठेवली आणि म्हणाली, "हे कोणाचं तोंड हाय बाप्पा? माहं नाही." आणि बोळक्या तोंडाने हसत हसत निघून गेली. भाऊंनी त्या दिवशी एकही दात केला नाही. लॅबमधल्या गुलाबी मेणाची तिची मूर्ती केली. मग मूर्तीचा हात जरासा हलवून फोटो काढला, आणखी हलवून आणखी एक. घरी येऊन फोनवर ते फोटो भराभर सरकवून दाखवले तेव्हा मेणाच्या म्हातारीने पदर सारखा केला. "तेव्हाच मी समजली," वहिनी म्हणाल्या, "की हा माणूस गेला हातचा."

दिसायला भाऊ उंच, पण वर्षानुवर्षं टेबलावर वाकून वाकून वरचा एक फूट पुढे झुकलेला. बोलताना डोळ्यांत बघायचे नाहीत, दातांत बघायचे. माणसांची नावं त्यांना आठवत नसत. "तो नाही का, वरच्या दोन दातायमधी फट असलेला," म्हटलं की आम्ही ओळखायचं. घरमालक 'चार कॅपा', बँकेतल्या मॅडम 'उलटा सुळा'. त्यांचे स्वतःचे दात मात्र बघवत नव्हते. त्याबद्दल कोणी बोललं तर म्हणत, "हलवायानं मिठाई खाल्ली पाहिजे असं कोठी लिहिलं हाय?"

आमचं काम समजायला सोपं आणि करायला महाभयंकर होतं. बाहुली केसभर हलवायची, फोटो काढायचा. पुन्हा केसभर हलवायची, पुन्हा फोटो. एका सेकंदाला बारा फोटो लागतात. सकाळी अकराला सुरू करून संध्याकाळी सहाला उठलो की चार सेकंदांचा सिनेमा झालेला असे. त्या चार सेकंदांत म्हातारी फार तर नाक पुसायची. आमचा पहिला सिनेमा चार मिनिटांचा होता: म्हातारी संत्र्यांचं टोपलं घेऊन काटोलहून नागपूरच्या बसमध्ये बसते आणि टोपल्याला तिकीट लागतं की नाही यावरून कंडक्टरशी भांडते. बस. संपला. "याच्यात गोष्ट काय आहे?" असं मी पहिल्या दिवशी विचारलं होतं. भाऊ म्हणाले, "तू कधी त्या बसमधी बसली नाहीस."

आता मातीच्या सिनेमाची कंपनी काढायला जगात कितीतरी थंड गावं आहेत. नागपुरात एप्रिल उजाडला आणि आमची नायिका वितळायला लागली. सकाळी ठेवलेलं नाक दुपारी हनुवटीवर. कूलर लावावा तर त्याच्या वाऱ्याने पदर हलतो आणि फोटोत पदराला आकडी आल्यासारखं दिसतं. पंख्याचंही तेच. म्हणून खिडक्या बंद, पंखा बंद, दोन हजार वॅटचे दिवे चालू, आणि डोक्याला ओले दुपट्टे बांधून आम्ही तिघं. तिसरा होता भाऊंचा लंगोटीमित्र, लग्नांचं शूटिंग करणारा. कंपनीच्या कागदावर त्याचं नाव भागीदार म्हणून होतं, म्हणून त्याला पार्टनर म्हणायचं. कॅमेरा त्याचा होता. तो दर अर्ध्या तासाने बनियन पिळायचा.

त्याच महिन्यात कोणीतरी भाऊंना सांगितलं की तुमच्यासारख्या नव्या कंपन्यांना मदत करणारा एक कार्यक्रम आहे, निवड झाली तर मोफत जागा देतात, आणि त्या जागेला एसी आहे. एसी ऐकून भाऊ मला घेऊन निघाले. सभागृहात सगळे पंचविशीतले, पांढऱ्या बुटांतले. भाऊ चपला घालून, हातात बर्फाचा डबा, डब्यात म्हातारी. परीक्षकांपैकी एक गोरापान तरुण होता. तो म्हणाला, "सर, तुमचं स्टार्टअप नेमका कोणता प्रॉब्लेम सोडवतं?"

"मे महिना."

"म्हणजे?"

"एप्रिल ते जून आमची हिरोइन वितळते. ते सोडवून राहिलो."

हशा पिकला. तरुणाने नेटाने पुढे विचारलं, "आणि पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे बघता?"

भाऊंनी बोटांवर हिशोब केला. दिवसाला चार सेकंद. "दोन तासाच्या सिनेमाच्या शेवटाले पोचलो असू," ते गंभीरपणे म्हणाले. "रविवार धरून."

निवड झाली नाही. जाता जाता भाऊंनी स्टेजवरूनच त्याला सांगितलं, "तुमच्या पुढच्या दाताची कॅप हलून राहिली." पण खाली उतरताना तो परीक्षक मागून आला आणि हळूच विचारू लागला की पुढच्या दाताची कॅप हलते, ते तुम्हाला स्टेजवरून कसं दिसलं. भाऊंनी त्याला जिन्यातच तोंड उघडायला लावलं. परतताना स्कूटरवर मला म्हणाले, "लोक विचारतात, स्टार्टअप कसं चाललं. स्टार्ट तर झालं वं. अप काही होऊन नाही राहिलं."

शेवटी मे महिन्याचा प्रश्न त्यांनी वहिनींच्या गॅसवर सोडवला. कवळीच्या मापासाठी वापरतात ते कडक मेण मातीत मिसळायचं ठरलं. किती, ते कोणालाच माहीत नव्हतं. तीन आठवडे त्या घरात स्वयंपाक कमी आणि म्हाताऱ्या जास्त शिजल्या. पहिल्या घाण्याची म्हातारी हिरड्यांच्या रंगाची झाली. सहाव्या घाण्याची इतकी कडक झाली की मान वळवताना तिची मान तुटली. कुकर गेला, दोन कढया गेल्या. ड्यूटीवरून आलेल्या वहिनींनी एक दिवस चहा गाळला तर त्यावर तवंग. त्यांनी चमच्याने तो उचलून उजेडात धरला.

"ही साय नाही," त्या म्हणाल्या.

"नाही," भाऊ म्हणाले.

"मी दिवसभर लोकायचे बेडपॅन पाहून आली. घरी आल्यावर मेणाचा चहा पिऊ का मी?"

 वहिनींनी तो चहा सिंकमध्ये ओतला, आत गेल्या आणि थर्मामीटर घेऊन बाहेर आल्या. "अंदाजपंचे करून राहिले तुमी. उद्या नाकं करून द्या. एकेकाले नंबर टाका. मी पाहते." दुसऱ्या दिवशी सुट्टी घेऊन त्यांनी गच्चीवर रांगेत नाकं मांडली, शेजारी थर्मामीटर ठेवलं आणि वॉर्डात लिहितात तशी दर पंधरा मिनिटांनी नोंद केली. भर उन्हात तीन माणसं छत्र्या धरून नाकांकडे टक लावून उभी आहेत हे पाहून शेजारच्या गच्चीवरच्या काकूंनी वाळवण अर्धवट सोडून दार लावून घेतलं. बारा ते चार फक्त अठरा नंबरचं नाक उभं राहिलं. भाऊंनी वहिनींना उचलायचा प्रयत्न केला. पाठीत उसण भरली आणि दोन दिवस म्हातारी तशीच बसून राहिली.

त्यानंतर जे झालं त्याला मेण नव्हतं. लग्नाचा मोसम लागला आणि पार्टनर एक दिवस दुपारी येऊन उंबऱ्यातच उभा राहिला. म्हणाला, "माह्यानं नाही होत गा. वितळलेलं सोडून सात महिन्यात दोन मिनिटं झाले. माह्या पोरीची ॲडमिशन हाय."

मला वाटलं भाऊ भांडतील. त्यांनी नुसतं विचारलं, "कॅमेरा?"

"कॅमेऱ्यावरच पोट हाय माहं."

"बराबर हाय," भाऊ म्हणाले. उठले, स्टँडवरून कॅमेरा काढला, भिंग पुसलं, बॅगेत ठेवून त्याच्या खांद्याला लावला. तो गेल्यावर सेटकडे पाठ करून बराच वेळ बाहुलीच्या सांगाड्याची एकच तार सरळ करत बसले. ती तार केव्हाच सरळ झाली होती. मग म्हणाले, "तुह्या फोनचा फोटो कसा येते?"

अशा रीतीने उरलेली दोन मिनिटं माझ्या फोनवर झाली. कोणाचा फोन आला की स्टँड थरथरायचा आणि सगळा शॉट वाया. सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. फक्त माझ्या आईला पटत नव्हतं. ती रोज साडेबाराला, जेवलीस का हे विचारायला फोन करायचीच. सिनेमात बस दोन ठिकाणी उगाच गचका खाते. तिथे माझी आई आहे. पाहणाऱ्यांना तो रस्ता अगदी खरा वाटतो.

पूर्ण होण्याआधीच त्यातला एक तुकडा मी नेटवर टाकला आणि मुंबईहून एका लहान मुलांच्या चॅनलच्या मॅडमचा व्हिडिओ कॉल आला. फारच गोड होत्या. "काय क्राफ्ट आहे! आम्हाला सहा भाग हवेत. फक्त दोन छोटे बदल. एक, आजीची भाषा. हे मले-तुले मुलांना कळणार नाही. आपण स्वच्छ मराठी घेऊ. आणि दुसरं म्हणजे आजी थोडी... उदास दिसते. तिला छान दात देऊ या का?"

भाऊंनी आयुष्यात पहिल्यांदा कोणाच्या तरी डोळ्यांत पाहिलं असावं. "मॅडम, मी बावीस वर्षं दातच देत होतो. हिले नको हायेत." आणि माझा फोन माझ्याच हातातून घेऊन बंद केला.

मग मी भडकले. दीड वर्ष त्या भट्टीत बसून मला पगार आणि घामोळं सोडून काही मिळालं नव्हतं. म्हटलं, "ही काय तुमची एकट्याची कंपनी आहे? विचारायचं तरी होतं! पार्टनर गेला, उद्या मीही जाईन, मग बसा तुम्ही आणि तुमची म्हातारी. ती काही मातीची नाही, तुमचा माज आहे तो!"

 मी फोन त्यांच्या हातातून हिसकावला आणि हुडकेश्वरला घरी निघून आले. चार दिवस गेले नाही.

पाचव्या दिवशी सकाळी माझ्या आत्याला डॉक्टरकडे न्यायचं होतं. तिचा पुढचा दात पडला होता आणि नव्या दाताचा रंग जुळवायला डॉक्टरांनी शेजारच्या लॅबमध्ये पाठवलं. सकाळचे आठ वाजले असतील. आत चार कारागीर पाठमोरे वाकून बसले होते. कोपऱ्यातला उठला आणि वळला. वरचा एक फूट पुढे झुकलेला. तोंडाला मास्क.

ती त्यांचीच जुनी लॅब होती. जी विकून ते सुटले होते, तिथेच आपल्या जुन्या कारागिराच्या हाताखाली ते कामाला येत होते. ते रोज अकरालाच बेशाला का उगवायचे, आणि माझा पगार एकदाही का चुकला नाही, हे मला त्या एका क्षणात कळलं. मला वाटत होतं ते उशिरा उठतात.

भाऊंनी माझ्याकडे पाहिलं, आणि ओळख दाखवली नाही. "पेशंटसंगच्या मॅडमनं थोडं बाजूले व्हावं," ते म्हणाले. "उजेड अडते."

मी बाजूला झाले.

त्यांनी आत्याला खिडकीत बसवलं. "चहा किती डाव घेता, आत्याबाई?"

"चार-पाच होतात."

"मंग पांढरा धक्क दात नाही देत. बाकीचे चिडतात त्याच्यावर." आत्या खुदकन हसली. त्यांनी दातांचे नमुने एकेक करून तिच्या ओठापाशी धरले आणि एवढ्या सावकाश, एवढ्या मायेने पाहिलं की मला दुसरीकडे बघावं लागलं. निघताना पावतीवर तारीख टाकून कागद माझ्या हातात दिला. "शुक्रवारी या घ्यायले." बाहेर आल्यावर आत्या म्हणाली, "किती चांगला माणूस. याचं स्वतःचं दुकान असायला पाहिजे."

मी तिला रिक्षात बसवलं आणि बेशाला गेले. भाऊ अकराला आले. सकाळबद्दल ते बोलले नाहीत, मीही नाही. त्यांनी खिशातून एक काडेपेटी काढून टेबलावर उपडी केली. तांदळाच्या कणीएवढे बत्तीस दात.

"कधी केले?"

"झाले," ते म्हणाले. "बसवून पाहू. बसवल्याशिवाय नाही म्हणणं, हाही माजच झाला."

चिमट्याने एकेक दात बसवायला दीड तास लागला. मग म्हातारी हसवली, बावीस फोटो काढले आणि फोनवर लावून पाहिलं. म्हातारी नगरपालिकेच्या निवडणुकीला उभी असल्यासारखी दिसत होती. मी भाऊंकडे पाहिलं, भाऊंनी माझ्याकडे, आणि आम्ही दोघं इतके हसलो की दिवा पडला. हसता हसता भाऊ खाली बसले आणि दुपट्ट्याने तोंड पुसायला लागले. ते पुसणं जरा जास्त वेळ चाललं.

"मुंबईला पाठवू का?" मी विचारलं.

"मले विचारू नोको. मी म्हातारीले विचारतो आणि ते नाहीच म्हणते. तू ठरव. कंपनी तुयी बी हाय."

मी पाठवलं. लोकांना वाटतं अशा वेळी माणसाने ताठ उभं राहावं. मला माझा मालक सकाळी आठ वाजता मास्क लावून बसलेला पाहायचा नव्हता, एवढंच. आम्ही दुसरी एक आजी केली, दातवाली, स्वच्छ मराठी बोलणारी. आमच्यात तिचं नाव 'उमेदवार' होतं. सहा भाग झाले, ते चॅनलवर लागले, लहान मुलांना आवडले. त्यातून पुढचं काम आलं, मग त्याच्या पुढचं. दोन माणसं आणखी आली, त्यांचीही तोंडं उघडून घेण्यात आली. भाऊंचं लॅबमध्ये जाणं थांबलं. ते कधी थांबलं ते मी विचारलं नाही. फक्त एक दिवस ते साडेनवालाच दारात उभे होते आणि आम्हा सगळ्यांना उशीर झाला म्हणून ओरडत होते.

मी पुढे तीन वर्षांनी पुण्याला गेले. आता एका काचेच्या इमारतीत बसून बिस्किटांना नाचवते, कंप्युटरवर. बिस्किटं वितळत नाहीत. पण सोडण्याआधीचा एक दिवस सांगायचा राहिला.

बोळक्या म्हातारीचा सिनेमा मधल्या काळात, उमेदवाराची कामं आटपून उरलेल्या वेळात, पूर्ण झाला होता. मी म्हटलं एखाद्या महोत्सवाला पाठवू. भाऊ म्हणाले, "आधी ज्यायचा हाय त्यायले दाखवू." संत्र्यांच्या हंगामात आम्ही दोघं बसने काटोलला गेलो. बाजारातल्या एका कॅन्टीनवाल्याला पटवून त्याच्या भिंतीवरच्या टीव्हीला पेनड्राइव्ह लावला. पंधरा-वीस माणसं आलुबोंडे खात होती. म्हातारीने "टोपल्याले काय पाय हायेत का, तिकीट काढाले?" म्हटल्यावर कोणीतरी टाळी दिली. बस गचकली तेव्हा एक जण मनापासून म्हणाला, "हा पूल हाय." मी भाऊंचा दंड घट्ट धरला होता. चार मिनिटं संपली आणि सगळे हसत होते. भाऊ भिंतीला टेकून उभे होते, आणि त्यांचे ते भयंकर दात पहिल्यांदाच सगळे दिसत होते.

तेवढ्यात दारात उभी असलेली एक बाई म्हणाली, "बुढी बराबर हाय. पण कंडक्टर खोटा हाय."

बाजारात संत्री निवडायला येणारी बाई होती. हातात अर्धा कप चहा. भाऊ तिच्यापाशी गेले. "काहून वं माय?"

"तुमचा कंडक्टर बुढीच्या तोंडाकडे पाहून भांडून राहिला. तो कधी तोंडाकडे पाहत नाही. तो टोपल्याकडे पाहते. भांडण संपेपर्यंत त्याले माणूस दिसतच नाही." तिने चहा संपवला. "बाकी चांगलं केलं." आणि ती कामाला निघून गेली.

परतीच्या बसमध्ये भाऊ पूर्ण वेळ कंडक्टरकडे बघत बसले. मी सांगत होते की लोक हसले, टाळ्या दिल्या, एका बाईचं काय मनावर घेता, त्या कंडक्टरचे शॉट म्हणजे सगळे मिळून दोन मिनिटं, म्हणजे महिनाभराचं काम, आणि शुक्रवारी उमेदवाराचा भाग द्यायचा आहे. 

दुसऱ्या दिवशी मी पोचले तेव्हा कंडक्टरचं डोकं धडावेगळं करून टेबलावर ठेवलं होतं आणि भाऊ चिमट्याने त्याच्या बुबुळांची जागा खाली सरकवत होते.

"त्या बाईचे दात कसे होते, पाहिलं का?" मी चिडून विचारलं.

भाऊ थांबले. आठवून पाहिलं. "नाही वं," ते म्हणाले, स्वतःच चकित होऊन. "लक्षच नाही गेलं."

मी त्यांना शिवी दिली. मनात नाही, मोठ्याने. मग स्टूल ओढलं आणि पहिला फोटो घ्यायला बसले.